दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली. तुमच्या शाळेत काय करताय?

कपाशी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सीबीएसई शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. त्याआधी सात वर्षं राज्य मंडळाच्या मराठी शाळेत होते, त्यामुळे दोन्हीकडची पुस्तकं वर्गात उभी राहून शिकवलेली आहेत.

मागच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी बोलावलं. एका पालकांची तक्रार आली होती, की बाईंनी दहावीला दोन तास पुस्तकात नसलेलं शिकवलं. ते दोन तास उत्क्रांतीचे होते. सर रागावले नाहीत, माणूस भला आहे. एवढंच म्हणाले, "मॅडम, परीक्षेला नाही ना, मग वेळ कशाला घालवता?"

ज्यांच्या घरात दहावीचं मूल नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. सीबीएसई शाळांत एनसीईआरटीची पुस्तकं चालतात. त्यांच्या दहावीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' असा धडा होता. कोविडनंतर मुलांवरचं ओझं कमी करायचं म्हणून २०२२ मध्ये काटछाट जाहीर झाली, आणि २०२३ च्या छापील पुस्तकात त्या धड्याचं नाव नुसतं 'आनुवंशिकता' उरलं. मेंडेलचे वाटाणे राहिले, डार्विन गेला. हिरव्या झुडपातले लाल नि हिरवे भुंगेरे आणि त्यांना टिपणारे कावळे गेले. रानकोबीतून माणसाने निवडत निवडत कोबी, फुलकोबी, ब्रोकोली कशी काढली तेही गेलं. एप्रिल २०२३ मध्ये ब्रेकथ्रू सायन्स सोसायटी या विज्ञानप्रसार करणाऱ्या संस्थेने याविरुद्ध पत्र काढलं, त्यावर १८०० हून अधिक शास्त्रज्ञांच्या आणि शिक्षकांच्या सह्या होत्या.

आपल्या राज्य मंडळात मात्र दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. जीवाश्म, अवशेषांगे (निकामी होऊन उरलेले अवयव), जोडणारे दुवे, लॅमार्क, डार्विन, मानवी उत्क्रांती, सगळं आहे. म्हणजे आमच्या गावात एकाच गल्लीतली दोन मुलं. एकाला कळतं की त्याच्या पाठीच्या कण्याच्या टोकाला माकडहाड का आहे, दुसऱ्याला ते फक्त पडल्यावर दुखतं एवढंच माहीत.

अमेरिकेत या विषयावर शंभर वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या. तिथे निदान दोन बाजू समोरासमोर उभ्या राहिल्या. आमच्याकडे कुणी विरोध केलाच नाही, 'मार्क नाहीत' म्हणून विषय निघून गेला. माझी तळमळ अशी, की दहावीनंतर विज्ञान सोडून जी मुलं वावरात, दुकानात, कारखान्यात जाणार, त्यांनाच याची सगळ्यात जास्त गरज आहे. त्यांच्यासाठी दहावी हीच शेवटची संधी.

बाकीचे शिक्षक काय करताहेत? पालकांना काय वाटतं?

---

मधली_आळी

ताई, मी पालक म्हणून लिहिते. मुलगी सीबीएसईला दहावीत आहे. पहाटे पाचला उठते, शाळा, क्लास, पुन्हा शाळेचा गृहपाठ. तिच्या पुस्तकातलं एक पान जरी कमी झालं तरी मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. आणि आवर्तसारणीसुद्धा त्याच वेळी दहावीतून गेली की! तिच्याशी कुठल्या धर्माचं भांडण नाही. म्हणजे हेतूवर शंका घ्यायचं कारण मला दिसत नाही. शिवाय बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचा पूर्ण धडा आहे. ज्याला डॉक्टर व्हायचं, संशोधक व्हायचं, तो तिथे शिकेलच की.

तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे. पण 'सगळ्यात जास्त गरज' म्हणता ती नेमकी कशी, ते सांगाल का? मला खरंच समजून घ्यायचंय.

---

कपाशी

सांगते. थोडं लांबेल.

२०१७ चा हंगाम आमच्या जिल्ह्यातलं कुणीच विसरणार नाही. गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, खाल्ली. बोंडं बाहेरून हिरवीगार, ठणठणीत. फोडून पाहिलं की आत सरकी पोखरलेली आणि कापूस पिवळा पडून चिकटलेला, नुसती कवडी. त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातले शेतकरी, शेतमजूर दगावले. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे काका दवाखान्यात होते.

पुढच्याच वर्षी, जून २०१८ ला, दहावीचं नवं पुस्तक आलं आणि पहिला धडा हा. मी फळ्यावर 'नैसर्गिक निवड' लिहिलं. मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला. "मॅडम, बीटी बियाणं म्हणजे अळी मरतेच ना? मंग आमच्या वावरात अळी कायले आली? बाबा म्हणते का बियाणं डुप्लिकेट होतं."

मी पुस्तक मिटलं. पुढचे तीन तास आम्ही फक्त कापसावर बोललो.

बीटी कपाशीत एका जीवाणूचं जनुक घातलेलं असतं. त्यामुळे झाडातच अळीला मारणारं प्रथिन तयार होतं. आपल्याकडे २००२ मध्ये पहिलं बीटी आलं, त्यात एक प्रथिन होतं. २००६ मध्ये दोन प्रथिनांचं आलं. लाखो अळ्यांमध्ये एखादी अशी असते, की जन्मतःच तिच्या पोटात ते प्रथिन नीट काम करत नाही. ती काही शिकलेली नसते, सरावलेली नसते, तशीच जन्मलेली असते. बाकीच्या मेल्या की ही उरते. हिचा जोडीदारही उरलेल्यांपैकीच. त्यांची पिल्लं तशीच. पहिल्या बीटीला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही हे गुजरातेत २०१० मध्येच उघड झालं होतं, आणि पुढे काही वर्षांत दुसरंही तिने पचवलं.

मग मी विचारलं, बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं छोटं पाकीट यायचं, नॉन-बीटीचं. त्याचं घरी काय करायचे? वर्ग हसला. कुणी सांगितलं फेकून देतो, कुणी सांगितलं तुटाळ, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला वापरतो. शेताच्या कडेने त्या बियाण्याच्या ओळी लावायच्या असतात हे बहुतेकांच्या घरी ठाऊक होतं, पण का लावायच्या ते एकालाही सांगता आलं नाही. त्या ओळींवर साध्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग त्या निगरगट्ट अळ्यांच्या पतंगांशी जुळतात, आणि पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडणारी निघते. आपल्याच शेतात थोड्या अळ्या जगू द्यायच्या, हे उत्क्रांती कळल्याशिवाय कुठल्या शेतकऱ्याला पटेल? त्याला तो वेडेपणाच वाटणार. आणि फरदड घ्यायची, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवायची, तर त्याच निवडून आलेल्या अळ्यांना हिवाळाभर जेवू घालायचं.

मधली_आळी ताई, तुमच्या लेकीची दगदग मला दिसते. पण त्या मागच्या बाकावरच्या पोराने अकरावीला कला शाखा घेतली आणि आता तो वावर सांभाळतो. बारावीचा धडा त्याच्यापर्यंत कधीच पोचला नसता. आवर्तसारणीचं म्हणाल तर तीही जायला नको होती. ते माझ्या बाजूचंच उदाहरण झालं.

---

निशिगंध७

बोंडअळीचं उदाहरण आवडलं. पण एक प्रामाणिक शंका आहे, कुणी विरोधक समजू नये. अळी अखेर अळीच राहिली ना? गुलाबी बोंडअळीची गुलाबी बोंडअळीच झाली. यावरून माकडापासून माणूस झाला हे कसं सिद्ध होतं? लहान बदल मान्य, पण मोठा बदल कुणी पाहिलाय?

---

शहागंज

निशिगंध, हाच मुद्दा २०१८ च्या जानेवारीत आमच्या गावी, तेव्हाच्या औरंगाबादला, वैदिक संमेलनासाठी आलेल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्र्यांनी मांडला होता. सत्यपाल सिंह, म्हणजे मुंबईचे पूर्वीचे पोलीस आयुक्त. त्यांचं म्हणणं, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचं लिहून ठेवलं नाही, सांगितलंही नाही. डार्विन चूक आहे आणि अभ्यासक्रमातून काढला पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडून काढलं. खात्याच्या कॅबिनेट मंत्र्यांनीही, प्रकाश जावडेकरांनी, अशी विधानं टाळायला सांगितलं.

मला तेव्हा सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की माणूस पोलीस खात्यातला. खून होताना कुणी पाहिलेला नसतो तरी तपास होतोच. ठसे, रक्ताचा डाग, चप्पल यांवरून गुन्हा शाबीत होतो. उत्क्रांतीचा तपासही तसाच चालतो, आणि मागे उरलेल्या खुणांची इथे कमी नाही. मोठ्या बदलाचं म्हणाल तर माकडापासून माणूस असं उत्क्रांती म्हणतच नाही. आजचा चिंपांझी आणि आपण चुलत भाऊ, आजोबा एकच.

---

हॅरिसबर्गहून

तपासाचा विषय निघालाय म्हणून लिहितो. मी गेली बावीस वर्षं पेनसिल्व्हेनियात राहतो. आमच्या घरापासून तासाभरावर डोव्हर नावाचं गाव आहे, आणि तिथल्या शाळेचा खटला २००५ च्या सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत आमच्याच शहरातल्या फेडरल कोर्टात चालला. रोज पेपरात यायचा.

घडलं असं. ऑक्टोबर २००४ मध्ये डोव्हरच्या शाळा मंडळाने ठराव केला, की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात मिनिटभराचं निवेदन वाचायचं: डार्विनचा सिद्धांत ही वस्तुस्थिती नाही, त्यात त्रुटी आहेत, 'बुद्धिमान रचना', म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने रचले, असा दुसरा विचारही आहे, आणि त्याचं पुस्तक ग्रंथालयात ठेवलंय. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला साफ नकार दिला. हे मला फार मोठं वाटतं. नोकरी गेली असती, लहान गाव, सगळे एकमेकांच्या ओळखीचे, रविवारी एकाच चर्चमध्ये. शेवटी प्रशासनातल्या माणसाला वर्गात येऊन वाचावं लागलं. अकरा पालक कोर्टात गेले.

निशिगंध, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या कोर्टात दिलं गेलं. पालकांच्या बाजूचे पहिले साक्षीदार जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर, स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. त्यांनी सांगितलं: चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्या पेशीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या, माणसात २३. पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे? नुसती हरवली असती तर जीव जगलाच नसता. म्हणजे दोन गुणसूत्रं कुठेतरी जोडली गेली असली पाहिजेत, आणि जोडली असतील तर सांधा दिसलाच पाहिजे. माणसाचं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र तपासलं. गुणसूत्राच्या टोकाला जी खूण असते ती त्याच्या मधोमध सापडली, दोन टोकं एकमेकांना चिकटवल्यासारखी. गुणसूत्राला मध्यबिंदू एकच असतो. इथे दुसऱ्या, निकामी झालेल्या मध्यबिंदूचे अवशेषही निघाले. 'हे नसेल तर आम्ही चूक' असं आधी सांगून मग जाऊन पाहणं, याला विज्ञान म्हणतात. ते सगळं मी पेपरात वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या प्रत्येक पेशीत तो सांधा आहे!

दुसरा पुरावा त्या पर्यायी पुस्तकाविरुद्ध होता. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लुइझियानाचा कायदा रद्द केला होता. उत्क्रांती शिकवाल तर 'निर्मिती विज्ञान'ही, म्हणजे देवाने सृष्टी निर्मिली हेही, शिकवा, असा तो कायदा. त्या निकालाच्या आधीचे आणि नंतरचे पुस्तकाचे कच्चे खर्डे कोर्टाने मागवले. आधीच्या खर्ड्यात जिथे जिथे 'निर्मितीवादी' तिथे तिथे नंतर 'रचनेचे पुरस्कर्ते', वाक्य तेच. एका ठिकाणी बदल अर्धवट राहून जुन्या शब्दाची पहिली-शेवटची अक्षरं नव्या शब्दाला चिकटलेली सापडली. जोडणारा दुवाच म्हणा.

२० डिसेंबर २००५ ला न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकाल दिला: बुद्धिमान रचना हे विज्ञान नाही, धर्माचंच रूप आहे, सरकारी शाळेत शिकवता येणार नाही. जोन्स रिपब्लिकन, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नेमलेले. निकालाआधीच नोव्हेंबरात गावकऱ्यांनी मतदानातून ते मंडळ घरी बसवलं होतं. पण खटल्याच्या खर्चापायी शाळेला जवळपास दहा लाख डॉलर मोजावे लागले. तेवढ्या पैशात किती सूक्ष्मदर्शकं आली असती, हा विचार अजून मनात येतो.

---

माउलीचा_नातू

सगळ्यांचं वाचतोय. मी माळकरी घरातला. आजोबा वारी चुकवत नसत आणि गावच्या शाळेत शिक्षकही होते. ते आम्हांला दशावतार सांगताना म्हणायचे, बघा रे, आधी पाण्यातला मासा, मग पाण्या-जमिनीवरचा कासव, मग जमिनीवरचा वराह, मग अर्धा पशू अर्धा माणूस नरसिंह, मग बुटका वामन, मग पूर्ण माणूस. आपल्या लोकांनी उत्क्रांती केव्हाच सांगून ठेवली! मला लहानपणी त्यामुळे डार्विनची कधी भीती वाटली नाही. मग शाळेत उत्क्रांती दशावताराला जोडून शिकवली तर काय बिघडलं? घरोघरी पटेल तरी.

---

अक्षरओळख

माउलीचा_नातू, तुमच्या आजोबांनी फार मोलाचं काम केलं: नातवाच्या मनात श्रद्धा आणि विज्ञान यांची भांडणं लावून दिली नाहीत. तेवढ्यापुरतं मी त्यांना हात जोडते. पण वर्गात ती जोडणी नको, आणि कारण धार्मिक नाही.

दशावतार ही शिडी आहे. एकानंतर एक, खालून वर, शेवटी माणूस. उत्क्रांती हे झाड आहे. मासा 'मागे राहिलेला' नाही. आजचा मासा आपल्याइतकीच वर्षं बदलत आलाय. शिडी मनात बसली की मूल विचारतं, "मग आत्ताची माकडं अजून माणूस का झाली नाहीत?" दहा वर्षं शिकवणीत हा प्रश्न मी दर वर्षी ऐकला आहे. झाड मनात बसलं की हा प्रश्न पडतच नाही. २०१९ च्या जालंधरच्या सायन्स काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या कुलगुरूंनी दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत म्हणून सांगितला, आणि समोर शाळकरी मुलं बसलेली होती. तिथे तुमच्या आजोबांची गोष्ट गोष्ट राहिली नाही.

आपला शब्दही थोडा अडचणीचा आहे. 'उत्क्रांती' मधला 'उत्' म्हणजे वर. जुन्या संस्कृतात तर उत्क्रांती म्हणजे प्राणाने देह सोडून वर जाणं. शब्दच मुलाला सांगतो की वर चढायचंय. म्हणून मी पहिल्या तासालाच सांगते, गुहेत राहून डोळे गमावलेला मासा हीसुद्धा उत्क्रांतीच. उलट 'सिद्धांत' हा शब्द आपल्या बाजूचा. अमेरिकेत जॉर्जियातल्या कॉब काउंटीत २००२ मध्ये पाठ्यपुस्तकांवर चिकटपट्ट्या लावल्या होत्या, उत्क्रांती ही 'थिअरी' आहे, वस्तुस्थिती नव्हे, अशा. तिथल्या बोलण्यात थिअरी म्हणजे अंदाज. शेवटी त्या काढाव्या लागल्या. मराठीत सिद्धांत म्हणजे सिद्ध होऊन शेवटाला पोचलेलं. पायथागोरसच्या सिद्धांताला कुणी 'नुसता सिद्धांत' म्हणत नाही.

---

माउलीचा_नातू

शिडी आणि झाड. हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं. पटलं. आजोबा असते तर त्यांनाही सांगितलं असतं, ते ऐकणारे होते.

---

बार्देसकार

म्हापशाहून. आमची शाळा सिस्टरांची होती. जीवशास्त्र शिकवायला एक सिस्टरच होत्या, आणि त्यांनी उत्क्रांती इतकी मन लावून शिकवली की मी पुढे प्राणिशास्त्रच घेतलं. वर्गात कुणीतरी आदाम-एवाचं विचारलं. त्या म्हणाल्या, ते धर्मशिक्षणाच्या तासाला विचार, तिथे त्याचा अर्थ वेगळा आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये सांगितलं होतं, की उत्क्रांती आता नुसती कल्पना राहिलेली नाही. दोन तास वेगळे ठेवले की मुलं गोंधळत नाहीत, हा माझा अनुभव.

---

भिडेवाडा

या धाग्यात आपल्या घरातलं एक नाव यायला हवं होतं. निर्मितीची कथा तपासून पाहण्याचं काम मराठीत कोर्टाशिवाय, पाठ्यपुस्तकाशिवाय झालंय. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली. डार्विनचं पहिलं मोठं पुस्तक १८५९ चं, म्हणजे चौदा वर्षांचं अंतर. धोंडीबा आणि जोतीराव यांचा संवाद. त्यात जोतीराव सरळ शरीरशास्त्राचे प्रश्न विचारतात: ब्रह्माच्या मुखातून, बाहूतून, मांडीतून, पायातून माणसं जन्मली म्हणता, तर गर्भ राहिला कुठे? इतर देशांतली माणसं मग कुठून जन्मली?

आमच्या वस्तीत उत्क्रांतीचा धडा म्हणूनच वेगळा वाचला जातो. माझ्या आईला शाळा मिळाली नाही. मी दहावीत असताना तिला पुस्तकातलं चित्र दाखवलं आणि सांगितलं, की पृथ्वीवरची सगळी माणसं आफ्रिकेतल्या एकाच मुळातून आली. ती भाकरी थापत होती. हात थांबले. "सगळी?" म्हणाली. "सगळीच," मी म्हणालो. तिने तव्यावरची भाकरी करपू दिली, पण मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

त्याचबरोबर हेही सांगितलं पाहिजे की विज्ञानाच्या नावावरसुद्धा उतरंड रचता येते. १९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटन गावात जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवली म्हणून खटला झाला, १०० डॉलर दंड झाला. सगळे त्याच्या बाजूने बोलतात, मीही. पण तो ज्या पुस्तकातून शिकवत होता त्यात माणसांचे पाच वंश सांगून गोऱ्यांना सगळ्यात वर बसवलं होतं. म्हणून धडा असणं पुरेसं नाही, कसा शिकवला जातो तेही पाहावं लागतं. झाड म्हणूनच शिकवा, शिडी म्हणून नको. अक्षरओळख ताईंचा मुद्दा आमच्यासाठी जगण्या-मरण्याचा आहे.

---

निशिगंध७

हॅरिसबर्गहून, गुणसूत्राचं आज पहिल्यांदा कळलं. मी बी.कॉम., दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक उघडलं नाही. आता धागाकर्तींचं म्हणणं माझ्यापुरतं तरी खरं ठरलं म्हणायचं.

---

चाळकेवाडी_वारा

शिक्षकांसाठी एक जवळचं उदाहरण देतो. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या खाली, एक पंखागळ्याचा सरडा राहतो. एप्रिल-मेमध्ये नर दगडावर चढतो आणि गळ्याखालचा पंखा फडकवतो: निळा, काळा, नारिंगी. उन्हात तो पंखा उघडतो तेव्हा श्वास रोखला जातो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या सरड्यांची वेगळी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मानली आणि तिला नाव दिलं 'सरडा'. आपलाच मराठी शब्द, आता जगभरच्या शास्त्रात.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी याच पठारावर काम केलं, २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी कमी झाले. पक्षी कमी म्हणून सरडे वाढले, निर्धास्त झाले. पण गर्दीमुळे ते बारीक आणि त्यांचे रंग फिके. आता मुलांना विचारा: हा फिकेपणा पिल्लांत उतरेल का? की भुकेमुळे त्या त्या सरड्यापुरताच आहे? हे ठरवायला काय काय तपासावं लागेल? उत्तर सांगू नका, भांडू द्या त्यांना. मी पठारावर येणाऱ्या शाळांच्या सहलींना हेच विचारतो. सीबीएसईची मुलंही येतात, त्यांना धडा नाही, पण प्रश्न कळतो.

---

मधली_आळी

काल रात्री लेकीला बोंडअळीचं सांगितलं. ती म्हणाली, "आई, म्हणजे तू अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडू नको म्हणतेस तेही हेच ना?" मी डॉक्टरांचं ऐकून सांगत आले, कारण मलाही माहीत नव्हतं. ओझ्याबद्दलचं माझं म्हणणं अजून तेच आहे. ओझं कमी कराच. पण काय कमी करायचं हे ठरवताना मी आता वेगळं बोलेन. पालकसभा शनिवारी आहे.

---

कपाशी

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. काय झालं ते कळवते.

तुमचे प्रतिसाद छापून मुख्याध्यापक सरांना दिले. त्यांनी शांतपणे वाचले. त्यांची स्वतःची पाच एकर पऱ्हाटी आहे हे मला माहीत नव्हतं! म्हणाले, "तास देता येणार नाही, पण शनिवारी शाळा सुटल्यावर ज्यांना यायचं त्यांना घेऊन माझ्या वावरात चला."

काल गेलो. एकोणीस मुलं आली, तक्रार केलेल्या पालकांचा मुलगाही आला. सरांनी धुऱ्यावर उभं राहून दाखवलं: एक फूल इतरांसारखं उमललेलं नव्हतं, पाकळ्या आत वळून गुलाबाच्या कळीसारख्या चिकटलेल्या. ही डोमकळी. तिच्या आत गुलाबी बोंडअळी असते. एका मुलीने पाकळ्या अलगद सोडवल्या. आत तांदळाच्या दाण्याएवढी अळी होती.

"ही बीटी खाऊन जिवंत आहे?" तिने विचारलं.

"हो."

"मग हिची आई पण वाचली असणार. आणि आजी."

मुलं त्या फुलाभोवती वाकली होती. मग तो मुलगा, ज्याच्या घरून तक्रार आली होती, सरांना म्हणाला, "सर, तुम्ही नॉन-बीटीच्या ओळी लावल्या का?" सर क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "नाही लावल्या. हल्ली पाकिटातच मिसळून येतं. पण जेव्हा वेगळं यायचं तेव्हाही नाही लावल्या."

त्याने वहीत लिहून घेतलं. पुढच्या शनिवारी कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात, किती पतंग आले ते मोजायला जायचं ठरलंय.